काकाडूची पाणथळ : पक्षी, माणसे आणि यजमानपण



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते शाळेत भूगोल शिकवत आणि रविवारी मुलांना घेऊन तलावाच्या काठी जात. त्यांचा एक शिरस्ता त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. दुर्बीण पिशवीतून काढण्याआधी काठावरच्या भोयाला, गुराख्याला रामराम करायचा आणि आज पाण्यात काय आहे ते त्यांना विचारायचे. आजचा विषय मी त्या शिरस्त्याला धरूनच निवडला आहे. पाणथळीवर आपण पक्षी पाहायला जातो तेव्हा आपण पाहुणे असतो. मग यजमान कोण?

हा प्रश्न जिथे कायद्यात, न्यायालयात आणि रोजच्या कारभारात खरोखर विचारला गेला, अशी एक जागा मला माहीत आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहराच्या पूर्वेला काकाडू राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे २०,००० चौरस किलोमीटर. खडकाळ पठार, विरळ जंगल, नद्या आणि नद्यांच्या मुखाकडे पसरलेली पूरमैदाने. या नद्यांना नकाशावर ‘ॲलिगेटर’ हे नाव आहे, ते फिलिप पार्कर किंग या इंग्रज सर्वेक्षकाने दोनशे वर्षांपूर्वी मगरी ओळखण्यात चूक केली म्हणून. तिथे ॲलिगेटर कधीच नव्हते. आहेत त्या खाऱ्या आणि गोड्या पाण्यातल्या मगरी. उद्यानात पक्ष्यांच्या सुमारे २८० जाती नोंदल्या गेल्या आहेत, म्हणजे साऱ्या ऑस्ट्रेलिया खंडातल्या पक्षिजातींच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. १९८१ पासून काकाडू जागतिक वारसा आहे, आणि निसर्ग व संस्कृती या दोन्ही कारणांसाठी वारसा ठरलेल्या जगातल्या मोजक्या स्थळांपैकी ते एक आहे. तिथल्या पाणथळी रामसर कराराच्या यादीत १९८० पासून आहेत.

ही माणसांची भूमी आहे. उत्तरेकडचे स्वतःला बिनिंज म्हणतात, दक्षिणेकडचे मुंगगुय. माजेदबेबे या खडकाश्रयातल्या उत्खननाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनी इथल्या मानवी वस्तीचा काळ सुमारे ६५,००० वर्षे मागे नेला. काही अभ्यासक हा आकडा कमी मानतात. तो कमी धरला तरी मी पुढे जे सांगणार आहे त्यात फरक पडत नाही, कारण काकाडूची पाणथळ माणसांपेक्षा फार तरुण आहे.

हे मला स्वतःला फार उशिरा उमगले, म्हणून त्यावर थोडे थांबते. शेवटचे हिमयुग संपले, समुद्र चढत आला आणि आठ-एक हजार वर्षांपूर्वी नद्यांची खोरी खाऱ्या पाण्याखाली गेली. जिथे कांगारू चरत होते तिथे खारफुटी वाढली. मग नद्यांनी आणि भरतीने आणलेला गाळ साचत गेला, काठाला नैसर्गिक बांध तयार झाले, पावसाचे पाणी मागे अडू लागले. आज जी गोड्या पाण्याची पूरमैदाने आपण पाहतो ती साधारण दोन हजार वर्षांपूर्वीपासूनची, म्हणजे आपल्याकडे सातवाहन राज्य करत होते त्या काळातली. आणि हा सारा बदल तिथल्या कातळांवर रंगवलेला आहे. उबिर आणि बुर्रुंगकुय इथल्या भिंतींवर जुन्या थरांत जमिनीवरचे प्राणी दिसतात. मुख्य भूमीवरून किमान तीन हजार वर्षांपूर्वी नाहीसा झालेला पट्टेदार थायलसिनही उबिरला आहे. मग बारामुंडी, मुलेट असे खाडीतले मासे येतात, पोटातली हाडे आणि आतडी दिसतील अशा ‘क्ष-किरण’ शैलीत. आणि सर्वांत वरच्या थरांत हंसाच्या पिसांचे पंखे हातात धरलेली, हंस मारायचे भाले घेतलेली माणसे. पाणथळ जन्मली, पक्षी आले, आणि ते येताना पाहणाऱ्या लोकांनी त्याची नोंद ठेवली. पक्षिनिरीक्षणाची याहून जुनी आणि याहून सलग वही मला ठाऊक नाही.

त्या चित्रांतला पक्षी म्हणजे मॅगपाय गूज. काळा-पांढरा, डोक्यावर उंचवटा, पाय पिवळे आणि बोटांमधला पडदा अर्धवट. शास्त्रज्ञांनी त्याला बदकांपासून वेगळे, त्याचे एकट्याचे कुटुंब दिले आहे. बहुधा एक नर आणि दोन माद्या मिळून एक घरटे सांभाळतात. बाकी हंस-बदकांची पिल्ले स्वतःचे स्वतः खातात, याच्या पिल्लांना मात्र आईबाप चोचीतून भरवतात. पावसात पूरमैदानावर जंगली भात उगवतो. आपल्याकडे ऋषिपंचमीला जो देवभात लागतो त्याच्याच गोत्रातला. त्या भाताच्या दाट उभ्या पिकात हे पक्षी घरटी करतात. कोरड्या दिवसांत पाणी आटले की चोचीने चिखल उकरून लव्हाळ्यासारख्या एका पाणगवताचे कंद खातात. तेव्हा हजारोंनी जमलेल्या पक्ष्यांचा कलकलाट मैलावरून ऐकू येतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातून हा पक्षी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ नाहीसा झाला होता. पाणथळी बुजवल्या, शिकार केली, विषही घातले. उत्तरेत तो टिकला.

उत्तरेत त्याची शिकार होत नव्हती म्हणून तो टिकला, असे कुणी समजू नये. बिनिंज लोक त्याची अंडी काढतात, त्याला मारून खातात, आणि राष्ट्रीय उद्यान झाल्यावरही हा हक्क कायम आहे. आपल्यातल्या अनेक पक्षिमित्रांना हे ऐकून अस्वस्थ वाटेल. तिथे गेल्यावर मलाही वाटले. पण ही शिकार कशी होते ते पाहिले पाहिजे. तिथले वर्ष सहा ऋतूंचे. गुनुमेलेंग म्हणजे पावसाआधीची तगमग, गुडजेवग हा भर पावसाळा, बांगेरेंग म्हणजे माणसापेक्षा उंच गवत आडवे करणाऱ्या वादळांचे दिवस, मग धुक्याचा येग्गे, थंड वुर्गेंग आणि शेवटी कोरडा, तापलेला गुर्रुंग. अंडी कधी काढायची, कुठे जाळ लावायचा, कासव कधी लठ्ठ होते, हंस कधी मारायचा, हे सगळे या सहा ऋतूंच्या हिशेबाने चालते. गुर्रुंगमध्ये पक्षी खाऊन माजलेला असतो, पिल्ले उडती झालेली असतात, तेव्हा शिकार. कोणाच्या जमिनीवर कोणी जायचे, कोणी कोणाला विचारायचे, हे नात्यागोत्याने ठरलेले. आपल्याला ऋतुचर्या माहीत आहे, श्रावणात मासे न खाण्यामागचे शहाणपण माहीत आहे. त्यामुळे हे समजायला आपल्याला तरी कठीण जाऊ नये.

आता म्हशीकडे येते. होय, आपली म्हैसच. १८२० नंतरच्या दशकांत इंग्रजांनी उत्तर किनाऱ्यावर लष्करी ठाणी वसवली तेव्हा तिमोर आणि आसपासच्या बेटांवरून पाळीव म्हशी आणल्या. ठाणी उठली, म्हशी रानात राहिल्या. शतकभरात त्यांची संख्या लाखांच्या घरात गेली. कातड्यांसाठी त्यांची शिकार करणारे गोरे ठेकेदार आले, आणि त्यांच्या हाताखाली राबले ते आदिवासीच. म्हैस चिखलात लोळते, पाण्यात पोहत जाण्याच्या वाटा पाडते. काकाडूची मैदाने भरतीच्या पातळीपेक्षा जेमतेम वर आहेत. खारे आणि गोडे पाणी वेगळे ठेवणारे काठाचे ते बुटके नैसर्गिक बांध या वाटांनी फुटले. समुद्राचे पाणी आत शिरले, पेपरबार्कची झाडे उभ्या उभ्या वाळली, कुमुदिनी गेल्या. १९८० च्या दशकात जनावरांच्या क्षयरोगाचे निर्मूलन करण्याच्या मोहिमेत या म्हशी मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या आणि पाणथळ सावरू लागली.

गोष्ट इथे संपली असती तर सोपी झाली असती. पण म्हशी गेल्यावर हायमेनॅक्ने नावाचे तिथलेच एक गवत बेफाम वाढले. साउथ ॲलिगेटर नदीकाठच्या बॉगी प्लेन या भागात त्याने मोकळे पाणी झाकून टाकले. कंदाचे गवत मागे हटले, त्याबरोबर हंसही. उत्तर होते ते तिथल्या वृद्धांकडे. पूर्वी पाणी ओसरू लागले की त्यांचे वाडवडील मैदानावर थोडथोडा जाळ लावत. माणसे वसाहतींत आणि मिशनांत हलवली गेली आणि ते जाळणे थांबले होते. या शतकाच्या सुरुवातीला त्या जमिनीच्या मालक कुटुंबाने पुन्हा जाळ लावायला सुरुवात केली आणि सीएसआयआरओ या सरकारी विज्ञानसंस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. गवत हटले, पाणी मोकळे झाले, जंगली भात आणि कंद परतले, पक्षी परतले. आगीने पाणथळ वाचवली. आपल्या मनातल्या ‘संरक्षित क्षेत्रा’च्या चित्रात हे बसत नाही. तिथे चित्र बदलले पाहिजे.

या ठिकाणी भरतपूरची आठवण होणे अपरिहार्य आहे. तिथल्या केवलादेवला राष्ट्रीय उद्यान केल्यावर १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसे मेली. आणि पुढे आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून काय निघाले? म्हशी गेल्यामुळे पास्पॅलम गवत माजले, उथळ पाणी भरून आले आणि अनेक पाणपक्ष्यांना ते नकोसे झाले. एकीकडे म्हैस नको होती, दुसरीकडे हवी होती. म्हैस वाईट की चांगली, हे पुस्तकातून ठरत नाही. त्या पाण्याशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला ते माहीत असते. त्याला विचारायचे की गोळी घालायची, एवढाच फरक.

जाळाबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या रोजच्या ओळखीच्या पक्ष्याची आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातले आदिवासी पूर्वापार सांगत आले आहेत की काही शिकारी पक्षी पेटलेली काटकी चोचीत किंवा पंजात उचलून नेतात, दुसरीकडे टाकतात, आणि नव्या आगीतून पळणारे किडे-उंदीर पकडतात. पक्षिशास्त्राने हे बराच काळ दंतकथेत जमा धरले. २०१७ मध्ये आदिवासी जाणकार आणि वनरक्षकांच्या साक्षी एकत्र करून याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात ज्या तीन पक्ष्यांची नावे आहेत त्यांतला एक म्हणजे घार. दादरच्या पुलावरून दिसते तीच.

आता हक्काचा भाग. माझ्या दृष्टीने हाच गाभा आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात आदिवासींना जमिनीची मालकी मागता येईल असा कायदा १९७६ मध्ये झाला. त्याच सुमाराला काकाडूच्या परिसरात युरेनियम सापडले होते. सरकारी चौकशीनंतर एकाच वेळी तीन निर्णय झाले: जमिनीचा काही भाग मूळ मालकांना परत द्यायचा, तिथे राष्ट्रीय उद्यान करायचे, आणि रेंजर येथे खाण उघडायची. रेंजरच्या जागेचे मालक मिरार लोक. त्यांचा विरोध होता. पण नकाराचा जो अधिकार कायद्याने दिला तो नेमका रेंजरपुरता काढून घेतला होता. खाण चालली, थेट २०२१ पर्यंत. म्हणून काकाडूचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये की ते उद्यान सुरुवातीपासून एका जबरदस्तीला खेटून उभे आहे.

पण मिरार लोकांनी दुसरी खाण होऊ दिली नाही. त्यांच्याच भूमीवर होऊ घातलेल्या जाबिलुकाच्या खाणीविरुद्ध १९९८ मध्ये देशभरातून हजारो माणसे तिथे आली, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. मिरारांच्या ज्येष्ठ प्रतिनिधी इव्हॉन मार्गारुला आणि त्यांच्या सहकारी जॅकी काटोना यांना १९९९ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये मिरारांच्या संमतीशिवाय तिथे खाण होणार नाही असा करार झाला, आणि २०२४ मध्ये सरकारने खाणीच्या पट्ट्याचे नूतनीकरण नाकारले.

उद्यानाची रचना अशी: मूळ मालकांनी आपली जमीन १९७८ मध्ये सरकारी उद्यान संचालकांना भाडेपट्ट्याने दिली. त्यांना भाडे मिळते, प्रवेशशुल्कात वाटा मिळतो. व्यवस्थापन मंडळावर बहुमत मूळ मालकांच्या प्रतिनिधींचे. उद्यानाच्या उरलेल्या जवळपास अर्ध्या भागाची मालकी मात्र परत मिळायला २०२२ उजाडावे लागले. या मूळ मालकांपैकी एक बिल नेजी, गागुजू भाषेचे शेवटचे जाणकार. २००२ मध्ये ते वारले आणि त्यांच्याबरोबर ती भाषा बोलणारे कोणी उरले नाही. उद्यानाला ‘काकाडू’ हे नाव त्याच भाषेवरून मिळाले आहे. उद्यानाच्या उभारणीत नेजींचा मोठा वाटा होता, आणि आपल्या भूमीविषयीचे ज्ञान त्यांनी जाणूनबुजून बाहेरच्यांसाठी पुस्तकरूपात सांगून ठेवले.

या पायावर तिथले पर्यटन उभे आहे. कुइंडाजवळचे यलो वॉटर नावाचे पाणी, ज्याचे मूळ नाव न्गुर्रुंगुर्रुज्बा, तिथे पहाटे होडीने जाता येते. ही सफर चालवणारा व्यवसाय आदिवासींच्या हिताच्या संस्थांशी बांधलेला आहे. ईस्ट ॲलिगेटर नदीवरच्या गुलुयांबी सफरीत तर मार्गदर्शकही तिथलेच आदिवासी. मी गेले तेव्हा कमळाच्या पानांवरून चालणारा, आपल्या कमळपक्ष्याचा भाऊबंद शोभावा असा जकाना दिसला, अडईच्या जातीची बदके शिट्ट्या घालत उठली, काळ्या मानेचा करकोचा अगदी जवळ उभा होता. तो आपल्याकडेही आहे, पण किती दुर्मीळ झाला आहे हे इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. तिथे त्याच्या नावाचे गाव आहे, जाबिरू. या सगळ्यांत मला महत्त्वाचे वाटले ते मार्गदर्शकाचे वागणे. पक्ष्याचे नाव तो सांगतो, आणि लगेच तो पक्षी काय खातो, कोणत्या ऋतूत खाण्याजोगा असतो, त्याच्या येण्यावरून पावसाचा काय अंदाज बांधतात, हे सांगतो. काही ठिकाणी तो बोलायचे थांबतो. ही गोष्ट सांगण्याचा अधिकार माझा नाही, किंवा ती तुम्हाला सांगायची नाही, असे सरळ म्हणतो. पैसे भरून आलेल्या पाहुण्याला ‘नाही’ म्हणता येणे, ही यजमानाची खरी खूण आहे.

हे ‘नाही’ नेहमी मानले जाते असे नाही. दक्षिणेतल्या गुनलोम धबधब्याजवळ २०१९ मध्ये उद्यान प्रशासनाने एका पवित्र स्थळाजवळून, रीतसर परवानगी न घेता, पायवाट बांधली. तिथल्या जावोइन या मूळ मालकांनी ती जागा पर्यटकांना बंद केली. पर्यटन व्यावसायिक हळहळले, कारण गुनलोम फार लोकप्रिय. खटला उभा राहिला. पवित्र स्थळांचा कायदा आम्हाला लागू नाही, असा बचाव घेतला गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तो कायदा उद्यान संचालकांनाही लागू आहे.

तिथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे आयुर्मान इतरांपेक्षा पुष्कळ कमी आहे, आणि पर्यटनाने ते भरून काढलेले नाही. हंगाम कोरड्या महिन्यांचा, पावसात रस्ते बुडतात. समुद्र चढला तर ही कोवळी पूरमैदाने पुन्हा खारी होतील, आणि त्यावर काकाडूत बसून उपाय नाही. तो तुमच्या-माझ्या हातातला आहे. तरीही माझे मत ठाम आहे. जमिनीचा हक्क आधी आणि पर्यटन नंतर, हा क्रम तिथे मोठ्या लढ्याने लागला, आणि म्हणूनच तिथला सांस्कृतिक पाहुणचार नाटकी वाटत नाही. क्रम उलटा असता तर माणसे तिकीट लावून दाखवण्याची वस्तू झाली असती. जगात अनेक ठिकाणी तसे झाले आहे.

आपल्याकडे नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ झाले. ठाणे खाडीला २०२२ मध्ये तो मान मिळाला. नांदूरला थंडीत गर्दी होते, फ्लेमिंगो पाहायला ऐरोलीहून होड्या निघतात, याचा मला आनंद आहे. स्थानिक तरुण मार्गदर्शक म्हणून काम करतात हेही चांगले. पण रोजगार आणि निर्णयाचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी किती ठेवायचे, गवत कधी काढायचे, मासेमारी कुठे थांबवायची, होड्या किती सोडायच्या, हे ठरते त्या बैठकीत भोई बसतो का? कोळीण बसते का? वनहक्क कायद्याने २००६ मध्ये वनजमिनीवरच्या पारंपरिक समूहांना पाण्यातले मासे आणि चराई यांवरचे सामूहिक हक्क मान्य केले आहेत. आपल्या पक्षिप्रेमी मंडळींनी त्या कलमांकडे कधी आपला विषय म्हणून पाहिले नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. महाराष्ट्रात दरवर्षी पक्षिमित्र संमेलन भरते, गावोगावच्या संस्था छायाचित्रांची प्रदर्शने भरवतात, शाळा सहली नेतात. पुढच्या कार्यक्रमात एक पूर्ण सत्र मासे धरणाऱ्यांना आणि गुरे चारणाऱ्यांना द्या, आणि त्या सत्रात आपण फक्त ऐकायला बसू. त्यांनी एखादी जागा पक्षी पाहणाऱ्यांसाठी काही महिने बंद ठेवा म्हटले, तर ती बंद ठेवू. आणि पाणथळीच्या व्यवस्थापन समितीत त्यांना मतासह जागा मिळावी, अशी लेखी मागणी या सभागृहातून जावी. मसुदा मी बरोबर आणला आहे. तो बाहेर टेबलावर ठेवला आहे. सह्या करून जा.